एकशे एक्केचाळीस नंबरची फाईल

रघू,

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शैला तुझं मशीन घेऊन माझ्या दारात उभी राहिली. तुझीच लेक ती. दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर मशीनचा डबा एकटीने उचलून आणलान, मग मॉनिटरसाठी परत खाली गेली, पण कोणाला हाक मारली नाही. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, कॉम्प्युटर गोपाळकाकांकडे द्यायचा," म्हणाली. बरोबर एक पिशवी होती. पिशवीत माऊस, वायरींचं भेंडोळं, कॅलेंडरचं एक फाडलेलं पान आणि एक सीडी. सीडीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

ती सीडी मी कितीतरी वेळ हातात फिरवत राहिलो. शैलाला वाटलं, तुझ्या आठवणीने. तेही होतंच. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती तुला सांगायचं मी आठ-नऊ महिने टाळत आलो होतो. आता सांगतो. आता तू मध्ये बोलू शकत नाहीस. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होणार आहे, आणि ते मला मुळीच आवडलेलं नाही.

मशीन आणलं मीच. गिरगावात मी ज्या छापखान्यात बाइंडिंगला होतो तिथे नवे कॉम्प्युटर आले, आणि हा जुना भंगारात निघाला. मिलच्या संपानंतर तू जिन्याखाली बसून टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला लागलास त्याला तोवर वीसेक वर्षं झाली होती, आणि टेप दुरुस्तीला कोणी आणत नव्हतं. तुझे हात रिकामे बघवत नव्हते म्हणून मी तो डबा तुझ्यापुढे ठेवला. छापखान्यात दोन-चार बटणं दाबायला शिकलो होतो तेवढ्यावर मी चाळीत कॉम्प्युटरचा जाणकार ठरलो. वासरांत लंगडी गाय शहाणी.

तुला मात्र त्या डब्याचा उपयोग पहिल्या आठवड्यातच सुचला. कॅसेटी.

आता ते कोणाला सांगून पटणार नाही. संप लांबला, घरात शिजवायला काही राहिलं नाही, तेव्हा आपण सगळ्यांनी बायकामुलं गावी पाठवली. बायकांना लिहिता येत नव्हतं, आणि आपल्यात ज्यांना येत होतं त्यांची गाडी 'इकडील सर्व क्षेम' याच्या पुढे जात नव्हती. मग तुमच्या वाडीत कोणाचा तरी मस्कतहून आलेला टेप निघाला आणि पत्रांच्या जागी कॅसेटी सुरू झाल्या. गावाहून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत कॅसेट यायची, त्याच माणसाबरोबर परत जायची. घरटी एकच. सुलू वहिनी त्यावर बोलायच्या, तू ऐकायचास, मग त्यांच्याच बोलण्यावर तुझं बोलणं भरून परत पाठवायचास. आधीचं सगळं असं पुसत गेलं. शेवटचं तेवढं राहिलं, कारण त्यावर उत्तर जायच्या आत वहिनी स्वतःच लेकीला कडेवर घेऊन परत आल्या.

घरोघरच्या माळ्यावर अशी एकेक शेवटची कॅसेट पडून होती. तू त्या टोपलीत गोळा केल्यास आणि एकेक करून मशीनमध्ये भरायला बसलास. नावं देताना तुझा हिशेब सरळ होता. ज्या खोलीची कॅसेट त्या खोलीचा नंबर. सदतीस, बावन्न, ऐंशी. चाळीत खोल्या शहाण्णव, म्हणजे त्याच्या वर नंबर जायला नको.

वहिनींची कॅसेट तू सगळ्यात आधी भरलीस. भरून झाली आणि त्याच दुपारी टेपने फीत खाल्ली. बुरशीने पार गेली होती ती. मला धस्स झालं, तू मात्र हसलास. "तिचा काम झाला," म्हणालास. वहिनींना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. भिंतीवर फोटो होता, पण फोटो बोलत नाही. रोज आंघोळ झाली की तू ती फाईल लावायचास, आणि मी वर गॅलरीत दात घासत असलो तर मलाही ऐकू यायची. मी लक्ष देऊन कधी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या बायकोचं बोलणं ते, म्हणून कान दुसरीकडे ठेवायचो.

दिवाळीत मशीन मंदावलं. एक फाईल उघडेपर्यंत तू चहा करून आणायचास. तेव्हा तू पेपरच्या पुरवणीतलं कात्रण घेऊन वर आलास. त्यात लिहिलं होतं की डिस्क भरत आली की एकेका फाईलचे तुकडे होतात, मिळेल त्या रिकाम्या जागी पडतात, आणि मशीनला ते शोधत फिरावं लागतं. डीफ्रॅग नावाचं सॉफ्टवेअर घातलं की ते सगळे तुकडे ओळीने लावून देतं. "गोपाळ, ह्या करूया," म्हणालास. मी काय म्हणालो आठवतं? म्हणालो, "म्हाताऱ्याक झंडू बाम लावून तो पळत नाय." तू कात्रण घडी करून खिशात ठेवलंस. त्या दिवशी मी जीभ आवरली असती तर पुढचं काही झालं नसतं. कसं, ते मला परवा कळलं.

संक्रांतीच्या सुमारास तू शैलाकडे भायखळ्याला गेला होतास. किल्ली माझ्याकडे. आमच्या भजनी मंडळाची कॅसेट मला मशीनमध्ये भरायची होती, आणि मशीन म्हणालं जागा नाही. मी यादी बघितली. सगळे खोल्यांचे नंबर, आणि सगळ्यात वर एक १४१. आता शहाण्णव खोल्यांच्या चाळीत एकशे एक्केचाळीस कुठून येणार? मला वाटलं, सुरुवातीला तू हात बसवायला काहीतरी भरलं असशील. मोठी होती फाईल. उडवली. मशीनमधल्या कचऱ्याच्या टोपलीतूनही उडवली, कारण त्याशिवाय जागा होत नाही हे मला, जाणकाराला, ठाऊक होतं. मग भरलं आमचं भजन. ऐकलं. मी बेसूर गायलो होतो.

शिमग्याच्या आधी तू वर आलास. मधे बरेच दिवस मशीन उघडायलाच तयार नव्हतं, त्यामुळे तुला उशिरा कळलं.

"गोपाळ, एकशे एक्केचाळीस गावणा नाय रे."

"ता काय?"

"माझो साचो, मेल्या. तिची फाईल. तू काय उडवलंस काय?"

रघू, बारा वर्षं मी तुझ्या शेजारी उभा होतो. मिलच्या साळखात्यात मागाला साचा म्हणायचे, आणि तुझे साचे एकशे एक्केचाळीस, एकशे बेचाळीस. माझे एकशे त्रेचाळीस, चव्वेचाळीस. धोटा अडकला तर मी तुझ्या साच्यावर हात टाकायचो, तुला पाणी प्यायचं असेल तर तुझे दोन आणि माझे दोन असे चार सांभाळायचो. पितळेचा आकडा होता त्याच्यावर, चारातला वरचा दांडा झिजलेला. सुलू वहिनींच्या फाईलला तू त्या साच्याचा नंबर दिलास, कारण त्याहून लाडकं तुझ्याकडे दुसरं काही नव्हतं. आणि तो आकडा समोर दिसत असताना मला काही आठवलं नाही. मला वाटलं, फालतू काहीतरी असेल.

"मी? मी कित्याक उडवू?" म्हणालो.

तू माझ्याकडे बघितलंस आणि मग म्हणालास, "मगे ती आतच आसा. तुकडे झाले असतले. गोळा करूक व्हये."

तिथून आपली शोधाशोध सुरू झाली. उडवली हे एक वेळ मी सांगितलं असतं. तू चार शिव्या दिल्या असत्यास, आठ दिवस बोलला नसतास, मग पुन्हा चहाला आला असतास. पण का उडवली असं तू विचारलं असतंस, आणि तुझा साचा मी विसरलो हे मला सांगावं लागलं असतं. ते माझ्याने होईना.

मी गुपचूप लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथे एका कॉम्प्युटरच्या दुकानात डिसोझा म्हणून बाई बसते, पन्नाशीची, गळ्यात चष्म्याची दोरी. तिला सगळं सांगितलं, अगदी भजनासकट. ती म्हणाली, "अंकल, डिलीट केलं म्हणजे दारावरची पाटी काढली फक्त. सामान आत तसंच असतं. त्याच्यावर दुसरं काय आणून टाकलं तर गेलं. डिस्क काढून आणा, मी बघते. पण तोपर्यंत त्यात नवीन काय भरू नका. आणि डीफ्रॅग तर बिलकूल नको. ते सगळं हलवतं. मग विसरा."

डिस्क काढून न्यायची तर तुला सांगायला हवं. ते मी उद्यावर टाकलं. उद्याचा परवा झाला. आणि तुला डीफ्रॅग करू द्यायचं नाही एवढं एकच काम मी इमानदारीने केलं.

तू मात्र सॉफ्टवेअर निवडायला असा बसलास, जसा पूर्वी मिलचा मुकादम, जॉबर, नवा विणकर पारखायला बसायचा. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखलेस. पहिल्यात मशीनमध्ये आधीपासून असलेलं, म्हणजे घरचं. दुसऱ्यात कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीतलं, ते फुकटचं. तिसऱ्यात डब्यात बंद, विकतचं. मी तिन्हींना नावं ठेवली. घरचं अर्ध्यात थांबतं म्हणालो. फुकटचं म्हणजे कोणाच्या बापाचं ते ठाऊक नाही म्हणालो. विकतचं आपल्या जुन्या मशीनला झेपणार नाही म्हणालो. तू प्रत्येक रकान्यात माझं म्हणणं लिहून घ्यायचास, खाली 'गोपाळचे मत' असं घालून. आठ दिवसांनी नवीन नाव काढायचास. चौथा रकाना, पाचवा रकाना. तुझं अक्षर बारीक होत होत पानाच्या कडेला गेलं.

शेवटी तू सगळ्यात हळू चालणारं निवडलंस. "घाईचा कापड बाद जाता," म्हणालास. बारा तास लागतील असं त्यावर लिहिलं होतं. मी म्हणालो, बारा तास कोण बसणार. त्यावर तू असं बघितलंस की जणू मी मिलचं तोंडच पाहिलं नव्हतं. "पाळी लावूया. पयली तुझी, दुसरी माझी. चलतो साचो एकटो टाकूचो नाय." बरोबर होतं तुझं. पाळी बदलताना साचा कधी बंद केला नाही आपण. बदलीचा माणूस येऊन उभा राहिला, त्याने हात ठेवला, की मगच आपला हात निघायचा.

"गणपतीनंतर बघू," मी म्हणालो.

तू लगेच 'बरं' म्हणालास. त्याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. आयुष्यात तू माझं पहिल्या फटक्यात कधी ऐकलं नाहीस.

त्या महिन्यांत तू नवी कॅसेट भरली नाहीस, कारण मी म्हणालो डिस्क दमलीय, तिला आराम दे. टोपली तशीच राहिली. सत्तावीस नंबरची म्हातारी दोनदा विचारून गेली, माझ्या नवऱ्याचा आवाज कधी काढता. तू तिलाही गणपतीनंतर सांगितलंस. आणि विसर्जन होऊन आठवडा झाला नव्हता, तर दुपारी जेवून तू आडवा झालास तो झालासच.

गेल्या आठवड्यात डिस्क घेऊन डिसोझाबाईकडे गेलो. तू गेलास हे सांगितलं. तिने चष्मा काढला.

"ते जाड भिंगवाले? ते आलेले माझ्याकडे. मेमध्ये."

"कोण? रघू?"

"तुम्ही गोपाळ ना? त्यांना डीफ्रॅगची सीडी पाहिजे होती. हरवलेली फाईल शोधायला. मी बोलले, अंकल, याने फाईल नाही मिळत. फाईल आपोआप जात नाही, कोणीतरी उडवतं. तर हसले. बोलले, मशीनला दोघंच जण हात लावतो, आणि मी नाही उडवली."

मी स्टूल ओढून बसलो.

"मी त्यांनाही बोलले, डिस्क आणा, मी बघते. ते नको बोलले. सीडी तरी घेतली. मी बोलले, ही चालवू नका हं. ते बोलले, चालवणार नाही, असू दे घरात. गोपाळ बोलेल तेव्हा बघू. आणि मी आलेलो ते त्याला सांगू नका."

मे ते गणपती, चार महिने. तुला सगळं ठाऊक होतं. आणि तू रकाने आखत बसलास, माझी एकेक थाप सुवाच्य अक्षरात लिहून घेत. चौथं सॉफ्टवेअर, पाचवं सॉफ्टवेअर. दर आठवड्याला तू मला बोलायला जागा करून देत होतास आणि मी दर आठवड्याला त्या जागेत नवीन थाप भरत होतो.

रघू, मला तुझा राग आलाय. हो, तुझा. हा कसला मोठेपणा? एक थोबाडीत द्यायचीस. 'गोपळ्या, खरं सांग' म्हणायचंस, मी सांगितलं असतं. निदान डिस्क तरी द्यायची होतीस त्या बाईला. निघेल तेवढं तिने मेमध्येच काढून दिलं असतं. तू रोज सकाळी वहिनींचा आवाज ऐकला असतास. माझी लाज राहावी म्हणून तू वहिनींवर पाणी सोडलंस, आणि ते मला न विचारता. मला हे ओझं नको होतं. आणि खरं सांगू? माझ्याशी इतकं चांगलं आयुष्यात कोणीही वागलं नाही. दोन्ही एकदमच वाटतं. मी काय करू?

दोन दिवसांनी डिसोझाबाईने बोलावलं. थोडं मिळालं, म्हणाली. "तुकडे झालेले, अंकल. पहिला तुकडा सापडला, तो पुढचे कुठे गेले ते विसरलाय. उडवायच्या आधी डीफ्रॅग केलं असतं ना, तर अख्खी मिळाली असती." म्हणजे दिवाळीत. म्हणजे तू कात्रण घेऊन आलास तेव्हा. झंडू बामचं कोणाला सांगायचं.

एकोणीस सेकंद आहेत.

शैलाला बोलावलं आणि आधी तिला सगळं सांगितलं. साच्याचंही. ती ऐकून घेत होती, मान खाली. मग मी फाईल लावली. आधी खरखर, मग टेपचं बटण दाबल्याचा आवाज, आणि मग वहिनी.

"चालू झाला? लाल दिवो लागलो मां? आयकतास मां? शैला, गप रव गे, तुझ्या बापाशीशी बोलतंय. हय सगळी बरी आसत. तुमी..."

एवढंच. त्या 'तुमी'च्या पुढे वहिनी नाहीत. तिथे बावन्न नंबरची आजी घुसलीय, कुठल्या तरी दुसऱ्या फाईलचा तुकडा तो. "...कौला फुटली, आणि भात सगळो भिजलो, आता काय करतलास ता करा," असं ती म्हणते, आणि तिच्या मागून कोणाचा तरी कोंबडा आरवतो. आम्ही दोघं रडता रडता हसलो. तुमी काय? जपा, की जेवा, की गोपाळ भावजींच्या नादी लागू नका? तुला पाठ होतं ते. मी कधी विचारलं नाही, आणि गॅलरीत उभा राहून ऐकू येत असताना कान दुसरीकडे ठेवले.

शैला डब्याला कान लावून बसली, तुझ्यासारखीच. आईने तिला नावाने हाक मारलेली ती इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकत होती. मला वाटलं आता ही मला काहीतरी बोलणार. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "काका, परत लावा."

सात वेळा लावली.

त्या एकोणीस सेकंदांच्या तीन सीड्या केल्या. एक शैलाकडे, एक माझ्याकडे, एक तुझ्या खोलीत फोटोच्या मागे. नाव तेच ठेवलंय, एकशे एक्केचाळीस. आमचं भजन मात्र उडवलं. त्याचं कोणाला दुःख होणार नाही.

मग आज सकाळी सात वाजता तुझ्या सीडीचं प्लॅस्टिक काढलं. आता आत जपण्यासारखं लपलेलं काही राहिलेलं नाही, आणि टोपलीतल्या कॅसेटी भरायच्या तर मशीन हलकं व्हायला हवं. सत्तावीस नंबरच्या म्हातारीला मी सांगितलंय, उद्या तुझ्या नवऱ्याला काढतो. बटण दाबलं. पडद्यावर बारके रंगीत चौकोन आले, लाल, निळे, मधे मधे पांढरे. ते एकेक करून हलतात, ओळीने जाऊन बसतात. साच्यासारखाच आवाज येतो डिस्कचा, एका लयीत. मी खुर्ची ओढून बसलो. समोर तुझं कॅलेंडरचं पान ठेवलं. शेवटच्या रकान्यात 'गोपाळचे मत' लिहून पुढे तू जागा कोरी सोडलीयस. मी पेन घेऊन त्यात लिहिलं, 'मी उडवली.'

जेवण शैलाने वर आणून दिलं. बसल्या जागी जेवलो. निम्म्याहून जास्त चौकोन निळे झाले होते. तुझी खुर्ची मी शेजारी मांडून ठेवलीय, सवयीने.

आता साडेतीन वाजून गेले, रघू. पहिली पाळी माझी होती, ती संपली. चालता साचा सोडून उठायची आपली पद्धत नाही, म्हणून बसलोय. बदलीचा माणूस अजून आलेला नाही.